वायफायची रेंज घरभर पोहोचवताना

घरात येणारे इंटरनेट आणि घरात फिरणारे वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेट खांबावरून आलेल्या फायबरने किंवा गच्चीवर बसवलेल्या डबीतून उंबरठ्यापर्यंत येते. तिथून पुढे मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप आणि कॅमेऱ्यापर्यंत ते हवेतून नेण्याचे काम वायफायचे. ‘नेट स्लो आहे’ या एकाच वाक्यात दोन्ही दोष मिसळून जातात. मग ५० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला जातो, दरमहाचे पैसे वाढतात आणि मागच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर चक्र फिरतच राहते. वेग राउटरपर्यंत नीट आला होता, पुढच्या भिंतीने तो अडवला. म्हणून खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवावे.

ही तपासणी दहा मिनिटांची आहे. राउटरच्या मागच्या लॅन पॉइंटला केबलने लॅपटॉप जोडावा, त्याचे वायफाय बंद करावे आणि वेग मोजावा. लॅपटॉप नसेल तर राउटरपासून चार-पाच फुटांवर उभे राहून, मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडून मोजावे. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास असे तीनदा मोजले की चित्र स्पष्ट होते. केबलवरही वेग प्लॅनपेक्षा बराच कमी येत असेल किंवा फक्त रात्री कोसळत असेल, तर दोष कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या बाजूचा आहे. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही, तार तुटली आहे, दुमडली आहे किंवा जोड सैल आहे. केबलवर वेग पूर्ण आणि माडीवर मात्र काहीच नाही, असे असेल तर दोष घरातला आहे आणि तो घरातच दुरुस्त होतो.

बहुतेक घरांतल्या वायफायच्या लाटा दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. लांब लाट भिंतीतून तुलनेने बरी जाते, पण तिच्यावर गर्दी फार असते आणि वेग बेताचा मिळतो. आखूड लाट वेगवान असते, पण एक-दोन भिंतींतच तिचा दम संपतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना खुला झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग २०१८ च्या अधिसूचनेने. जुन्या राउटरांत आणि स्वस्त मोबाइलांत फक्त पहिलाच पट्टा सापडतो, त्यामुळे तो गजबजलेला असतो.

या लाटांपुढे नेमका अडथळा कशाचा, हे घर कसे बांधले आहे त्यावर ठरते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत बांधणीचे इतके प्रकार शेजारीशेजारी नांदतात की एका घराचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. घोडनदीच्या काठच्या जुन्या शिरूरमध्ये दीड-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींची घरे आहेत: पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. दौंडमध्ये रेल्वे आली त्या काळातली दगडी बांधकामे आणि अलीकडचे स्लॅबचे बंगले एकाच रस्त्यावर दिसतात. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी आणि कुरकुंभच्या औद्योगिक पट्ट्यात कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. आणि मळ्यात वस्ती करून राहणाऱ्यांच्या घरावर अनेकदा पत्रा असतो, गोठा आणि पोल्ट्रीचे शेड थोड्या अंतरावर.

साधी विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत लाटेची शक्ती साधारण चार ते आठ डेसिबलने कमी करते. डेसिबलचा हिशेब सोपा आहे: तीन डेसिबल गेले की शक्ती निम्मी, दहा गेले की एक दशांश. लोखंडी सळ्यांचा काँक्रीट स्लॅब १० ते २० डेसिबल खातो, ५ गिगाहर्ट्झवर त्याहूनही जास्त. दोन फुटी दगडी भिंत स्लॅबच्याच तोडीची असते. समजा, ओसरीत राउटरपासून दहा फुटांवर मोबाइलला उणे ४० इतकी पातळी मिळते. माजघराची भिंत ओलांडली की ती उणे ६० च्या आसपास येते आणि स्वयंपाकघराची ओलांडली की उणे ८० कडे झुकते. उणे ८० ला मोबाइल वायफायची खूण दाखवतो, पण पान उघडत नाही. मोबाइलवर कांड्या दिसतात आणि काम होत नाही, या नेहमीच्या अनुभवाचे कारण एवढेच आहे.

धातूचा नियम वेगळा. पत्रा, लोखंडी कपाट, फ्रिजची मागची बाजू, आरशामागचा मुलामा यांतून लाट जातच नाही, उलट परतते. जाळीही तेच करते, आणि हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला असलेल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, पत्र्याच्या नाहीत. त्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत आणि जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत. लाट भोकापेक्षा बरीच लांब असली की तिच्या लेखी जाळी म्हणजे सलग पत्राच. घरात गिलावा तडकू नये म्हणून वीटकाम आणि कॉलमच्या सांध्यावर ठोकलेली कोंबडीजाळी, खिडकीला डासांसाठी लावलेली धातूची जाळी आणि पोल्ट्रीच्या शेडला चारी बाजूंनी गुंडाळलेली जाळी, सगळ्यांना हाच न्याय लागू होतो. शेडमध्ये कॅमेरा लावून राउटर बाहेर ठेवला की रेंज येत नाही, त्यामागे बऱ्याचदा ही जाळी असते. पाण्याचेही ध्यानात ठेवावे. जिन्यावरची भरलेली टाकी, माशांची मोठी काचपेटी, धान्याने किंवा पेंडीने भरलेल्या पोत्यांची थप्पी, हे सगळे लाट शोषून घेतात.

एवढे समजल्यावर घर मोजायला घ्यावे. वहीच्या पानावर घराचा कच्चा नकाशा काढावा. अँड्रॉइड मोबाइलवर वायफायची पातळी आकड्यांत दाखवणारी मोफत अॅप मिळतात, त्यांतले एखादे घ्यावे. प्रत्येक खोलीत, लोक जिथे खरोखर बसतात तिथे, म्हणजे पलंगाच्या उशाशी, अभ्यासाच्या टेबलावर, देवघराशेजारच्या आजोबांच्या खुर्चीवर, मोबाइल अर्धा मिनिट धरून आकडा लिहावा. दोन्ही पट्ट्यांचे आकडे वेगळे लिहावेत. उणे ५० च्या आसपास उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल तुटत नाही. उणे ७० नंतर कुरबूर सुरू होते. हा कागद जपून ठेवावा. पुढे केलेल्या प्रत्येक बदलाची परीक्षा त्यावरच होते. बहुतेक घरांत कागद भरला की लगेच दिसते की सगळी चांगली रेंज रस्त्याकडच्या खोलीत आणि अंगणात सांडते आहे.

तसे होण्याचे कारण राउटरची जागा. जोडणीला आलेला माणूस तार जिथून आत येते तिथेच डबा ठोकतो: दाराच्या वर, टीव्हीच्या मागे, खिडकीच्या कोपऱ्यात. त्याला दिवसात अजून चार जोडण्या करायच्या असतात, आणि घरच्यांनाही लांब तार नको असते. पण राउटरची लाट चहूकडे पसरते, म्हणून घराच्या टोकाला ठेवलेला राउटर निम्मी शक्ती शेजाऱ्याला आणि रस्त्याला देतो. तो घराच्या मध्यावर, माणसाच्या खांद्याहून उंच, उघड्या फळीवर किंवा भिंतीवर असावा. कपाटात, टीव्हीच्या मागे, जमिनीवर, मायक्रोवेव्हशेजारी ठेवू नये. मायक्रोवेव्हची भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवरच चालते आणि सुरू असेपर्यंत जवळचे २.४ चे वायफाय बिघडवते. अँटेना बाहेर असतील तर त्या उभ्या ठेवाव्यात, कारण लाट अँटेनाच्या आडव्या दिशेने जास्त पसरते. माडी असेल तर एखादी आडवी करून पाहायला हरकत नाही.

डबा हलवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. फायबरची तार घरातल्या घरात वाढवता येते, पण ते जोडणी देणाऱ्याकडूनच करून घ्यावे. काचेचा तो केसाएवढा धागा आहे. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवला तर प्रकाश बाहेर फुटतो आणि वेग घसरतो. खिळ्याखाली दाबलेली, दारात चेपलेली फायबर हे दोन्ही तालुक्यांतल्या घरांत नेहमी दिसणारे दृश्य आहे. उघड्या टोकात डोळा घालून पाहू नये, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपाय करतो. याहून सोपा आणि बहुधा स्वस्त मार्ग असा: कंपनीचा डबा आहे तिथेच राहू द्यावा आणि त्याच्या लॅन पॉइंटमधून एक केबल घराच्या मध्यापर्यंत नेऊन तिथे वेगळा राउटर बसवावा.

ही केबल हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. वायरलेसचा दोष घालवायला सर्वांत भरवशाचा उपाय वायर हाच आहे, आणि बाजारातल्या कोणत्याही चकचकीत खोक्यापेक्षा वीस मीटर चांगली लॅन केबल जास्त काम करते. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते. घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का ते विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण वाकवताना तुटते आणि लांबवर वेग सोडते. लॅन केबल विजेच्या वायरींच्या पाइपातून ओढू नये, वेगळ्या पाइपातून किंवा पट्टीतून न्यावी. घर बांधायला काढले असेल तर स्लॅब आणि गिलाव्याच्या आधीच प्रत्येक मजल्यावर एक रिकामा कंड्यूट पाइप टाकून ठेवावा. त्या वेळी खर्च नगण्य असतो. नंतर दगडी भिंतीतून भोक पाडायला गवंड्याचा दिवस जातो. केबलच्या टोकाला प्लग बसवणे हे काम हत्यार हाती आले की एका दुपारी शिकता येते. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्याच तत्त्वावर. गावातल्या दहावी-बारावीच्या मुलांनी हे कौशल्य घेतले तर प्रत्येक आळीत एक जाणकार तयार होईल.

केबल टाकण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये दोन-तीन गोष्टी फुकट सुधारता येतात. भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत किंवा बाजारपेठेत २.४ गिगाहर्ट्झवर एकावेळी पंधरा-वीस नावे दिसतात. या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. शेजारी ६ वर असेल तर आपण ४ वर जाऊन सुटका होत नाही; दोघांचेही बिघडते. मोबाइलच्या अॅपवर कमी गर्दीचा चॅनेल पाहून या तिघांपैकी एक निवडावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे चॅनेल बरे. मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असल्याने रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावे लागतात आणि नेट काही काळ थबकते. दाट इमारतीत शक्य तेवढी उपकरणे ५ वर न्यावीत. तिथे भिंतीतून न जाणे हा त्या लाटेचा गुणच ठरतो, कारण शेजाऱ्याची लाटही आपल्या खोलीत शिरत नाही. पासवर्ड मजबूत ठेवावा, आणि वर्षानुवर्षे आळीभर वाटला गेलेला असेल तर बदलावा.

राउटरचे वयही पाहावे. ज्याला आता वायफाय ४ म्हणतात ते मानक २००९ चे, वायफाय ५ हे २०१३ चे आणि वायफाय ६ हे २०२१ चे. नवा राउटर भिंत भेदण्याची जादू आणत नाही, लाट तीच आहे. पण एकाच वेळी अनेक उपकरणे जोडलेली असताना तो बराच नीट वागतो. जुन्या किंवा स्वस्त राउटरच्या मागचे पॉइंट कित्येकदा १०० एमबीपीएसचेच असतात. २०० चा प्लॅन घेऊनही वेग ९०-९५ वरच अडकत असेल तर हे आधी तपासावे.

एका राउटरने भागतच नाही अशी घरे पुष्कळ. दोन मजली बंगला, चौसोपी वाडा किंवा आडव्या लांब घरात दुसरे केंद्र लागतेच. इथे बहुतेकांची पहिली खरेदी रिपीटरची असते: भिंतीतल्या सॉकेटला लावायची पांढरी डबी. तिचे काम आलेली लाट ऐकणे आणि पुन्हा बोलणे. एकाच पट्ट्यावर दोन्ही कामे आळीपाळीने करावी लागत असल्याने वेग जवळपास निम्मा होतो. त्यातही ती चुकीच्या जागी लावली जाते. जिथे रेंज नाही त्याच खोलीत डबी लावली तर तिलाही काही ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते ती पुढे कसे सांगणार? ती मधल्या वाटेवर, जिथे अजून उणे ६० ते ६५ मिळते तिथे हवी. व्हॉट्सअॅप आणि निरोपांपुरते हे चालते. ऑनलाइन परीक्षा, मुलाखत किंवा घरून कामासाठी त्यावर विसंबू नये.

मेश संच त्याहून चांगला. दोन-तीन केंद्रे एका नावाने चालतात आणि मोबाइल फिरता फिरता जवळच्या केंद्राला जोडला जातो. पण ती केंद्रे आपापसांत हवेतूनच बोलत असतील तर स्लॅब आणि दगडी भिंत त्यांनाही चुकत नाही. खालच्या मजल्यावरचे केंद्र जिन्याच्या तोंडाशी आणि वरचे जिन्याच्या माथ्याशी ठेवले तर लाटेला स्लॅब टाळून मोकळी वाट मिळते. शक्य असेल तर मेशची केंद्रेही केबलने जोडावीत. मग तो संच पुरेपूर किंमत वसूल करतो.

सर्वांत किफायतशीर उपाय अनेक घरांच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. कंपनी बदलताना उरलेला जुना, स्वतःच्या मालकीचा राउटर केबलने जोडून दुसरे केंद्र बनवता येते. त्याला आधी फक्त लॅपटॉप जोडून सेटिंगचे पान उघडावे; पत्ता बहुधा राउटरच्या पोटाशी छापलेला असतो. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याचा १९२.१६८.१.२ करावा, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. मुख्य राउटर उपकरणांना जे पत्ते वाटतो त्या यादीत हा आकडा येत नाही ना, तेवढे पाहावे. नंतर जुन्या राउटरमधील डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय, बंद करावी. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. दोघे वाटू लागले की कधी नेट चालते, कधी नाही, आणि दोष सापडता सापडत नाही. वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवावा, चॅनेल मात्र वेगळा. शेवटी मुख्य राउटरच्या लॅन पॉइंटमधून आलेली केबल जुन्याच्या लॅन पॉइंटमध्येच लावावी, वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’मध्ये नाही. काही राउटरांत ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असा थेट पर्याय असतो. तो असेल तर हे सगळे एका निवडीत होते.

मळ्यातल्या वस्तीचा प्रश्न निराळा आहे. घर, गोठा, विहिरीवरची मोटर आणि पोल्ट्री यांच्यात शे-दोनशे मीटरचे अंतर असते. बिबट्याच्या वावरामुळे गोठ्यावर कॅमेरा लावणे ही दोन्ही तालुक्यांत आता चैन राहिलेली नाही. घरातला राउटर तिथे पोहोचणार नाही. त्यासाठी एकमेकांकडे तोंड करून बसवायच्या ५ गिगाहर्ट्झच्या दोन बाहेरच्या डब्या मिळतात. एक घराच्या माथ्यावर, दुसरी गोठ्यावर; मध्ये मोकळी नजर हवी. इथे ऊस आडवा येतो, अक्षरशः. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. लागणीच्या वेळी जोडणी केली तर सगळे सुरळीत चालते. पुढच्या पावसाळ्यात ऊस दहा-बारा फुटांवर जातो, ओली पाने लाट शोषतात आणि गोठ्यावरचा कॅमेरा नेमका अंधाऱ्या, धोक्याच्या दिवसांत बंद पडतो. लाटेला नुसती सरळ रेघ मोकळी असून भागत नाही. रेघेभोवती जागाही लागते. २०० मीटर अंतरावर मध्यभागी ती चहूबाजूंनी सुमारे दीड मीटर असते. म्हणजे बारा फुटी उसावरून जायचे तर दोन्ही डब्या सतरा फुटांच्या वर हव्यात. वीस फुटी लोखंडी पाइप रोवण्याचा खर्च लागणीच्या हंगामातच करून टाकावा.

घर ते गोठा उघडी लॅन केबल ओढण्याचा मोह टाळावा. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की तांब्याच्या तारेतून आलेला झटका दोन्ही टोकांची उपकरणे जाळतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. बाहेरची, धातूचा आधार नसलेली फायबर आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबलशी जोडणारी डबी), ही जोडणी विजेच्या बाबतीत निर्धोक आणि उसाच्या उंचीशी तिला काही देणेघेणे नाही. ती प्लॅस्टिकच्या पाइपात घालून बांधाच्या कडेने दोन फूट खोल पुरावी, म्हणजे नांगर आणि उंदीर दोन्हींपासून वाचते. पोल्ट्रीच्या शेडात तिचे टोक जाळीच्या आत न्यावे आणि छोटा राउटर आतच बसवावा.

फायबर न पोहोचलेल्या ठिकाणी हवेतून येणारी ५जी जोडणी हा पर्याय आता आहे. जिओची एअरफायबर सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी ज्या आठ शहरांत सुरू झाली त्यांत पुणे होते आणि पुढे अशा सेवा लहान गावांकडे सरकल्या. त्यात दोन दुवे असतात: टॉवर ते गच्चीवरची डबी आणि तिथून घरातला राउटर. गच्चीवरची डबी टॉवरच्या दिशेला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाबाहेर असावी. समोर नवे बांधकाम उभे राहिले किंवा झाड वाढले तर दिशा पुन्हा जुळवून घ्यावी. सिमकार्डचा छोटा राउटर असेल तर त्याला पत्र्याखाली घराच्या मध्यावर ठेवण्याऐवजी टॉवरकडच्या खिडकीत ठेवावे. इथे मध्याचा नियम उलटतो, कारण आधी त्याला बाहेरचे ऐकू यायला हवे.

वीज गेली की वायफाय जाते, आणि भारनियमनाच्या भागात हा दोष रेंजच्या दोषासारखाच भासतो. राउटर बहुतेक वेळा १२ व्होल्टवर, एक ते दोन अँपिअरवर चालतो. तेवढ्यासाठी पूर्ण इन्व्हर्टरची गरज नसते; १२ व्होल्टचा छोटा यूपीएस काही तास पुरतो. घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून जुळणारा घ्यावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही आधार द्यावा, एकाला देऊन उपयोग नाही. शुद्ध फायबरच्या जाळ्यात मधल्या फाट्यांना वीज लागत नाही, त्यामुळे घरी यूपीएस असला की नेट चालू राहते. केबलवाल्याने मध्ये कुणाच्या घरात किंवा खांबावर विजेवरचा स्विच बसवला असेल, तर त्या स्विचला बॅटरी आहे का हे जोडणी घेतानाच विचारावे.

हे सारे झाल्यावर पहिला कागद पुन्हा काढून त्याच जागी, त्याच वेळी आकडे घ्यावेत. आकडे सुधारले, सगळ्या खोल्यांत उणे ६७ च्या आत आले, तरीही नेट रखडते असे दिसले तर उरलेला दोष बाहेरचा आहे. कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. मुदतीत उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याची सोय नियमांत आहे. तक्रारीसोबत केबल लावून तीन वेळा मोजलेला वेग, तारीख आणि तास द्यावा. असे आकडे समोर असले की ‘तुमच्या घरातले वायफायच कमी पडते’ हे उत्तर कंपनीला देता येत नाही.